चिपळूणच्या आपा

माझी मुलगी कादंबरी लिहिते हे मला माझ्या बायकोकडून कळलं. सांगण्याआधी तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. दार लोटून सांगण्यासारखं आमच्या घरात सहसा काही घडत नाही, त्यामुळे मला वाटलं, नात्यात कोणी आजारी पडलंय.

"तिने मला वाचायला सांगितलंय," बायको म्हणाली. "आणि अब्बांना दाखवू नकोस म्हणालीय."

"मग मला कशाला सांगतेस?"

"मला कुठे भरभर मराठी वाचता येतं? तुम्ही वाचा, मी ऐकते. म्हणजे वाचलं मीच."

बायको उर्दू शाळेत शिकलेली. मराठी बोलते झकास, पण वाचताना बोट ठेवून एकेक शब्द उचलते. मी रत्नागिरीकडच्या गावात मराठी शाळेत शिकलो. घरात आमची कोकणी चालते, लिहायची वेळ आली की मराठी. वसईत येऊन आता अर्धं आयुष्य झालं. स्टेशनच्या पूर्वेला औद्योगिक गाळ्यांमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना आहे, तिथे मी स्टोअर सांभाळतो. मुलगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट तयार करते. रविवारी सकाळी लॅबला गर्दी असते आणि मला सुट्टी. तेव्हा रविवारी सकाळी ती बाहेर पडली की आम्ही दोघं मोबाइल घेऊन ओट्यापाशी बसायला लागलो. मुलीने नको म्हटलेलं असताना आपण वाचतोय, हे मला पहिल्या दिवसापासून बोचत होतं. तरी मी वाचलं. उत्सुकता फार वाईट असते आणि ती मला या वयात झाली.

मोबाइलवरच्या एका वाचनाच्या अ‍ॅपवर दर शनिवारी तिचा एक भाग यायचा. टोपणनावाखाली तिने लिहिलं होतं, 'दोनशे वर्षांपूर्वीची एक विलायती प्रेमकथा, आपल्या मोहल्ल्यात.' मी शोधत गेलो तर अशा मुलींचा तिथे एक घोळकाच निघाला. कोणी एक जुनी कादंबरी उचलून भिवंडीत यंत्रमागांच्या खडखडाटात आणून ठेवली होती, कोणी महाडला, कोणी मुंब्र्याला. घोडागाडीच्या जागी शेअर रिक्षा, चिठ्ठीच्या जागी व्हॉइस मेसेज, सरदाराच्या जागी सौदीहून परतलेला इंजिनियर. मला आधी हसू आलं. मग प्रश्न पडायला लागले. त्या कादंबऱ्यांत म्हणे नाच असतात, दिवाणखान्यात तरुण मुलं-मुली हात धरून नाचतात आणि तिथेच सगळं सुरू होतं. आमच्याकडे लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा मधे कापड लावलेलं असतं. मग या मुली त्या दोघांना भेटवणार कुठे?

पण त्याआधीच मला एक धक्का बसला. पहिला भाग वाचायला घेतला आणि पानभरही झालं नसेल, नायिकेचा बाप वारला.

मी थांबलो. तिने वर मूळ कादंबरीचं नाव दिलं होतं, ते टाकून इंटरनेटवर सारांश काढून बघितला. मूळ गोष्टीत बाप होता. चांगला शेवटपर्यंत होता.

"तिने बापाला मुद्दाम मारलाय," मी म्हटलं.

बायको बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "बाप असता तर गोष्ट पुढे सरकलीच नसती. तो प्रत्येक गोष्टीला म्हणाला असता, बघू."

मी पुढे वाचलं.

नाचाच्या जागी तिने काय आणलं ते दुसऱ्या भागात कळलं आणि माझी मान खरंच ताठ झाली. रमजानमध्ये आमच्याकडे संध्याकाळी इफ्तारीचं ताट शेजारीपाजारी पाठवतात. भजी, फळं, खजूर, वर विणलेला रुमाल. ज्याच्या घरी ताट जातं तो ते रिकामं परत करत नाही. काही नाही तर वाटीभर साखर घालतो. आमच्या तळमजल्यावर वसईच्याच उमेळे गावातल्या एक मावशी राहतात. त्यांची वाडी बिल्डरला गेली, बदल्यात फ्लॅट मिळाले. त्या रोजे धरत नाहीत, पण ताटाचा नियम आमच्यापेक्षा कडक पाळतात. एकदा त्यांच्या सुनेने ताट धुऊन तसंच आणून दिलं, तर मावशी मागोमाग जिना चढून आल्या, हातात केळ्यांची फणी. "रिकामी थाली देतात काय गो? आमच्या घरात काय पानी पन नाय असं वाटंल लोकांना!"

मुलीने ते उचललं होतं. तिच्या गोष्टीत उमेळ्याच्या बाजूला एक नवा टॉवर उभा राहतो, त्यात दुबईहून आलेलं एक कुटुंब राहायला येतं. नायिका ताट घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी त्या घरचा मुलगा ताट परत आणतो. घासूनपुसून चकचकीत, आणि रिकामं. "थँक्यू" म्हणतो आणि लिफ्टचं दार लागतं. तिथून पुढे नायिका त्याचं तोंड बघायला तयार नाही. त्याला बिचाऱ्याला कळतच नाही की आपण काय केलं.

"हाय अल्ला," बायको म्हणाली, "किती माजोरी!" आणि मग लगेच, "पण दिसायला कसा आहे? लिहिलंय का?"

त्या दिवशी मी एक चूक केली. ती चूक आहे हे तेव्हा वाटलं नाही. भागाखाली वाचकांची मतं होती. सगळ्या बायका, मुली. मला काहीतरी लिहावंसं वाटलं, आणि मुलींच्या प्रेमकथेखाली पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषाने लिहिणं बरं दिसत नाही. मी एका बाईच्या नावाने खातं उघडलं, गाव चिपळूण टाकलं आणि लिहिलं, 'ताट रिकामं परत येणं म्हणजे काय, ते आपल्या माणसांनाच कळतं. वाचताना डोळ्यांत पाणी आलं.'

संध्याकाळी उत्तर आलं. 'शुक्रिया आपा! तुम्ही चिपळूणच्या? आमचं गाव पण त्याच बाजूला.'

मुलगी बाहेरच्या खोलीत बसून ते टाइप करत होती. मी आत पलंगावर वाचत होतो. मधे एक भिंत.

पुढचे दोन-तीन महिने मी चिपळूणच्या आपा, म्हणजे ताई, होतो. आधी थट्टाच वाटत होती. मग त्या खोटेपणाला मी घर दिलं, दोन सुना दिल्या, गुडघेदुखी दिली. गुडघेदुखी माझीच होती. मुलगी प्रत्येक भाग टाकल्यावर आपांची वाट बघायची. एकदा तिने लिहिलं, 'आपा, तुमचं मत आल्याशिवाय मला पुढचं सुचत नाही.' मला ती कधी असं काही म्हणाली नव्हती. माझ्याशी ती बोलते ते गॅस संपला, लाइट बिल आलं, अब्बा जेवून घ्या. आपांना ती सगळं विचारायची.

एकदा तिने विचारलं, 'आपा, तुमच्या निकाहाच्या वेळी तुम्हाला खरंच कोणी विचारलं होतं का?'

आमच्यात निकाह पढवण्याआधी मुलीच्या बाजूचा एक वडीलधारा, त्याला वकील म्हणतात, दोन साक्षीदार घेऊन मुलीच्या खोलीत जातो आणि तिला विचारतो, कबूल आहे का? मुलगी गप्प राहिली, रडली, मान खाली घातली, तरी होकार धरतात. मी स्वतः अनेक लग्नांत साक्षीदार म्हणून आत गेलोय. एकाही मुलीचा आवाज मला आठवत नाही. बाहेर येऊन दर वेळी सांगितलं, हो म्हणाली.

आता आपा काय उत्तर देणार? मी स्वयंपाकघरात गेलो.

"तुला विचारलं होतं का गं, आपल्या वेळी?"

"काय?"

"कबूल आहे का म्हणून."

बायकोने माझ्याकडे नीट बघितलं. "आज कुठून आठवलं? विचारलं होतं. माझी खाला माझ्या डोक्यावर हात ठेवून बसली होती. तिने डोकं खाली दाबलं, ते म्हणाले चला, हो म्हणाली."

"आणि तू? तू काय म्हणणार होतीस?"

"मी म्हणणार होते, थांबा, मला शिंक येतेय."

ती हसली. मग भाताचं झाकण उचलून बघितलं, परत ठेवलं आणि म्हणाली, "शिंक पण येऊ दिली नाही."

इतकी वर्षं संसार केला आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी तेच आपांच्या नावाने लिहून टाकलं, शिंकेसकट. मुलीने खाली एक रडणारा आणि एक हसणारा चेहरा टाकला.

ईदनंतर स्थळ आलं. माझ्या मेहुण्याने आणलं, म्हणजे मुलीच्या मामूने. मुलगा वसईतल्याच एव्हरशाईन सिटीत आईवडिलांबरोबर राहणारा, हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत नोकरी, मूळ आमच्याच तालुक्यातले लोक. ते येऊन गेले. मुलगा आणि मुलगी, बरोबर एक चुलत बहीण, असे आइस्क्रीम खायला जाऊन आले. मुलीने अम्मीला सांगितलं, "थोडा वेळ द्या."

किती थोडा, हे कोणी विचारलं नाही. आमच्याकडे बाप मुलीला असलं विचारत नाही. बाप बायकोला विचारतो, बायको मुलीला विचारते, मुलगी बायकोला सांगते, बायको बापाला. आणि बायको म्हणत होती, "मी विचारलं की ती 'सांगते' म्हणते. सारखं काय डोकं खाऊ?" दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मेहुण्याचा फोन.

"दुल्हेभाई, काय झालं? लोक विचारतात."

"बघू," मी म्हणायचो.

मग माझ्या लक्षात आलं की मला विचारायची गरजच नाही. उत्तर दर शनिवारी येतंय. गोष्टीतल्या मुलाला आता चष्मा लागला होता, आणि एव्हरशाईनच्या मुलालाही चष्मा होता. गोष्टीत दोघं भुईगावच्या किनाऱ्यावर फिरायला गेले, मागून नायिकेची खाला, म्हणजे मावशी, चप्पल हातात घेऊन वाळूतून कुरकुरत येतेय, आणि तिथे तो पहिल्यांदा विचारतो, "त्या ताटाचं मी काय चुकलो?" ती सांगते. तो खजील होतो. वाचताना माझा आवाज बदलला असणार, कारण बायको म्हणाली, "तुम्हाला काय झालं? थंड पाणी प्या."

मला वाटलं, आवडलाय तिला मुलगा. फक्त धीर होत नाहीये. थोडा हात द्यावा.

आपांनी लिहिलं, 'मुलगा चुकला, पण माफी मागतोय. तिने आता जास्त ताणू नये.' पुढच्या आठवड्यात, 'आमच्या चिपळूणमध्ये सगळ्याजणी होकाराची वाट बघतायत.' त्याच्या पुढच्या आठवड्यात, 'गुडघे दुखतात, किती दिवस जगेन माहीत नाही, तिचा होकार ऐकून डोळे मिटावेत.' आज हे लिहिताना अंगावर काटा येतो. तेव्हा मी स्वतःवर खूश होतो.

त्या शनिवारी नायिका हो म्हणाली. मोठ्याने, स्पष्ट, गोष्टीतल्या मामूसमोर उभं राहून. भागाच्या शेवटी लेखिकेने लिहिलं होतं, 'चिपळूणच्या आपांसाठी.'

बायकोने पदराने डोळे पुसले. मी मोबाइल खाली ठेवला आणि मेहुण्याला फोन लावला. "आमच्याकडून हो आहे," मी म्हटलं.

"मुलगी बोलली?"

"बोलली."

मी काही खोटं बोलतोय असं मला वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न सांगता ते सगळे आले. मुलाची आई, वडील, मेहुणा. पेढ्यांचा मोठा डबा, मुलीसाठी ड्रेसचं कापड. मुलगा नव्हता. बायको गोंधळली, मग खूश झाली, मग सरबत करायला धावली. मुलगी लॅबमधून परत आली तेव्हा हॉल भरलेला होता.

"ये बेटा, ये," मुलाची आई उठली. "आता लाजायचं काय त्यात? आम्हाला कळलं सगळं." आणि तिने पेढा उचलून मुलीच्या तोंडात घातला.

खांद्याला पर्स तशीच. ती पेढा चावत उभी राहिली. माझ्याकडे बघितलं, अम्मीकडे बघितलं. मेहुणा म्हणाला, "बघा, कशी गप्प झाली!" आणि सगळे कौतुकाने हसले. मीही हसलो. मी कितीतरी वेळा साक्षीदार होतो तसाच तेव्हाही होतो.

ते गेल्यावर तिने पर्स काढली. "अम्मी, मी कधी हो म्हटलं?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. "तुझ्या अब्बांनी सांगितलं मामूला. तू तुझ्या गोष्टीत..."

"गोष्टीत?" ती माझ्याकडे वळली. "तुम्ही वाचता?"

"मला वाचून दाखवतात," बायको मधे पडली. "मला येत नाही ना भरभर."

"अब्बा, ती गोष्ट आहे. ती मुलगी मी नाही. मला तर तो भाग लिहायचाच नव्हता एवढ्यात. तिला अजून वेळ पाहिजे होता. पण एक आपा आहेत, त्या सारख्या लिहीत होत्या, त्यांची तब्येत बरी नाही, मला वाटलं..."

ती बोलत होती आणि मला कळत होतं की आता गप्प बसलो तर कायमचा गप्प बसेन.

"त्या आपा मी आहे," मी म्हटलं.

बायकोला कळलं नाही. "कोण आपा?"

मुलीला कळलं. ओरडेल, रडेल असं मला वाटत होतं. ती खुर्चीवर बसली आणि विचारलं, "म्हणजे त्या नाहीतच?"

"नाहीत."

"चिपळूणला कोणी नाही?"

"नाही."

"दोन सुना?"

मी मान हलवली.

"मी त्यांच्यासाठी लिहीत होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, आपल्यातली एक म्हातारी बाई कुठेतरी बसून वाचतेय." मग, "शिंकेचं कोणाचं होतं? ते पण तुम्ही बनवलं?"

"ते तुझ्या अम्मीचं."

ती उठून अम्मीजवळ गेली. मी खातं बंद करतो म्हणालो, तर पाठमोरीच म्हणाली, "नका करू. अम्मीचं उत्तर जाईल त्यात."

मी तिला विचारलं नाही, पण तिने सांगितलं, बापाला पहिल्याच भागात का काढला ते. "बाप असला की सगळे त्यालाच विचारतात. तिला कोणी विचारत नाही. म्हणून."

शब्द मी दिला होता, परत घ्यायला मीच जायला हवं होतं. पण ती म्हणाली, मी येते. बायको म्हणाली, मुली असं जात नाहीत. ती म्हणाली, "गप्प मी बसले होते, सांगणार पण मीच." रिक्षाने मी आणि मुलगी एव्हरशाईनला गेलो. मुलगा घरीच होता, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला होता.

"आंटी, त्या दिवशी मी काही बोलले नाही," मुलगी म्हणाली. "पण ते हो नव्हतं."

"म्हणजे नाही?"

"नाही पण नाही. मला अजून ठरवायचंय. त्यांच्याशी दोन-तीनदा बोलायचंय."

"बोलायचंय!" मुलाची आई नवऱ्याकडे बघून म्हणाली. "आमच्या वेळी लग्नाआधी चेहरा दिसला तरी नशीब. सगळ्या नात्यात पेढे वाटले मी. आता काय, परत मागायला जाऊ?"

"चूक माझी आहे, भाभी," मी म्हटलं. "तिला न विचारता मी सांगितलं."

"असं कसं सांगितलंत?"

मी त्यांना खरं कारण सांगू शकलो नाही. बायकोसमोर, मुलीसमोर सांगितलं होतं, तिथे जीभ उचलली नाही. "गैरसमज झाला," एवढंच म्हटलं.

मुलाचे वडील म्हणाले, "भाईसाहेब, आमचं घर म्हणजे काय रिक्षास्टँड आहे? आज बसले, उद्या उतरले?"

मुलगा गप्प बसून होता. आम्ही उठलो.

परत येताना रिक्षात मुलगी बाहेर बघत होती. अर्धा रस्ता झाल्यावर म्हणाली, "अब्बा, मला तो वाईट वाटला नव्हता. मी कदाचित हो म्हटलं असतं. पण ते मी म्हटलं असतं."

चार दिवसांनी मेहुण्याचा फोन आला, शुक्रवारची वाट न बघता. त्यांनी नकार दिला होता. नेहमीप्रमाणे मी बायकोला सांगायला स्वयंपाकघराकडे वळलो आणि मधेच थांबलो. मुलगी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मी तिच्याकडे गेलो.

"त्यांच्याकडून नकार आलाय," मी म्हटलं.

तिने एक दुपट्टा झटकला. "कोणी सांगितलं?"

"मामूने."

"मामूंना कोणी?"

"मुलाच्या अम्मीने."

"आणि तो काय म्हणाला?"

"तो कुठे काय म्हणाला? तो गप्पच..." मी बोललो आणि माझे शब्द मलाच ऐकू आले.

तिने चिमटे लावले. मी पायात चपला घातल्या. बायको आतून ओरडली, "आता कुठे निघालात? जेवण झालंय!"

एव्हरशाईनमध्ये त्यांच्या बिल्डिंगसमोर चहाची टपरी आहे. मुलाला मी खाली बोलावलं. तो आला तो घाबरूनच. मी आणखी काही गोंधळ घालायला आलोय असं त्याला वाटलं असेल, आणि त्यात त्याचं काही चुकलं नसतं. आम्ही दोन चहा घेतले. तो मला चाचा म्हणत होता.

"तुझं काय म्हणणं आहे?" मी विचारलं. "घरच्यांचं मला कळलं."

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "मला कोणी विचारलं नाही, चाचा. अम्मीने सांगितलं, कॅन्सल झालं."

"मग आता मी विचारतोय."

त्याने चष्मा परत चढवला. "त्या आल्या आणि सगळ्यांसमोर बोलल्या ना, ते अम्मीला नाही आवडलं," तो म्हणाला. "मला आवडलं. मला असं बोलता आलं नसतं. आलं नाहीच." मग चाचरत, "मी त्यांना फोन केला तर चालेल?"

मी तोंड उघडलं होतं. हो, चालेल, करच, असं सगळं जिभेवर होतं. गाडी परत रुळावर येईल, मेहुण्याला सांगता येईल, माझं ओझं उतरेल. मी आधी चहा संपवला.

"ते मी कसं सांगू?" मी म्हटलं. "तिलाच विचार."

घरी आल्यावर मुलीला मी भेटीचं सगळं सांगितलं. त्याने काय म्हटलं ते जसंच्या तसं. माझं मत घातलं नाही. ती ऐकत होती, मधे एकदा म्हणाली, "चष्मा पुसत होता का?" मी म्हटलं, हो. तिने मान हलवली. का, ते मला माहीत नाही.

त्याचा फोन आला. ती गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं. पुन्हा दोन दिवसांनी आला, मग पुन्हा. त्याच्या घरी हे ठाऊक आहे की नाही, आणि असलं तर त्याच्या अम्मीचं काय म्हणणं आहे, मला कळलेलं नाही. तिने तो होकाराचा भाग काढून टाकला आणि दुसरा लिहिला असं बायको सांगते. आता ती स्वतः बोट ठेवून वाचते, एक भाग आठवडाभर पुरतो. मला वाचून दाखवा म्हणत नाही, मीही मागत नाही. रविवारी सकाळी ती ओट्यापाशी पुटपुटत बसते, मधेच "हाय अल्ला" म्हणते, आणि मी बाहेरच्या खोलीत पेपरची तीच ओळ पुन्हा वाचतो.

परवा बायकोने विचारलं, "काय ठरलं असेल हो त्यांचं?"

"विचारलं मी," मी म्हटलं.

तिच्या हातातली पळी थांबली. "कोणाला?"

"तिला."

"तुम्ही? स्वतः?"

"हो."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, अब्बा, अजून बोलतोय."

बायकोने आमटीची चव बघितली, मीठ घातलं. "मग बोलू द्या," ती म्हणाली.